मिठाच्या पाण्यातला हात

माझा स्वभाव पहिल्यापासून ठाम बोलण्याचा. "हिचं चुकलेलं असलं तरी ही इतक्या खात्रीने बोलते, की समोरचा स्वतःचंच पुन्हा तपासायला लागतो," असं आई म्हणायची. त्यात कौतुक किती आणि वैताग किती, हे मी कधी मोजायला गेले नाही. मोजण्याचं काम मी नोकरीत करत होते, तेवढं पुरे होतं. त्या कामात मी फार क्वचित चुकले, हे आजही मान वर करून सांगते. एकदा चुकले तेव्हा मात्र जबर चुकले, आणि ती चूक एका सरळ माणसाच्या अब्रूवर बेतली. आता इतक्या वर्षांनी ते सगळं सांगायला हरकत नाही.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. फणसवाडीतल्या आमच्या चाळीच्या जिन्यात चुन्याने घोषणा रंगवलेल्या होत्या आणि सकाळी गॅलरीत दात घासतानासुद्धा माणसं मुंबई कुणाची यावर हमरीतुमरीवर येत. मी पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि परळच्या एका मोठ्या रुग्णालयात उपकरणं सांभाळायला लागले होते. तिथे नसांच्या दुखण्यांचा एक छोटा विभाग होता. त्यात एक डॉक्टर, एक शिपाई, मी आणि परदेशातून लाकडी खोक्यात आलेलं एक यंत्र, एवढाच संसार. डॉक्टर त्या यंत्राला बिचकत. शिपाई दसऱ्याला त्याला झेंडू वाही. मी पहिल्याच आठवड्यात ते उघडलं, पुसलं, परत जोडलं, आणि तेव्हापासून ते माझं झालं.

यंत्राचं काम सांगायला सोपं आहे. माणूस दचकला, चिडला, लाजला, घाबरला की त्याच्या तळहाताला आणि बोटांना बारीक घाम सुटतो. पुसावा लागेल इतका नव्हे, डोळ्यांना दिसेल इतकाही नव्हे; पण कातडी ओलावते. ही ओल खारट असते आणि खाऱ्या ओलीतून वीज सहज वाहते. आम्ही शेजारच्या दोन बोटांच्या पेरांवर धातूच्या दोन चकत्या पट्टीने बांधत असू आणि एका बोटातून दुसऱ्या बोटात अगदी नगण्य वीज सोडत असू. माणसाला ती कळतसुद्धा नसे. किती वीज वाहते, ते दुधी काचेच्या लांब पट्टीवर पडणारा प्रकाशाचा एक ठिपका सांगे. बोटं कोरडी असली की ठिपका शून्यापाशी बसून राही, ओलसर असली की मधे कुठेतरी स्थिरावे, आणि माणसाच्या मनात खळबळ झाली की एक-दोन सेकंदांत तो उजवीकडे पळत सुटे.

चाळीत ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. "तुझ्याकडे म्हणे खोटं पकडायचं मशीन आहे," असं म्हणत शेजारच्या काकू नवऱ्याला घेऊन यायला तयार झाल्या. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, की यंत्राला खरंखोटं काही कळत नाही. आत काहीतरी हललं, एवढंच त्याला कळतं. का हललं, ते आपण शोधायचं. काकूंना हे पटलं नाही. एवढं महागाचं यंत्र आणि निम्मंच काम करतं, असं त्यांचं मत पडलं.

मला मात्र त्या निम्म्या कामाचीच मौज वाटे. डॉक्टरीचे विद्यार्थी प्रात्यक्षिकाला येत. त्यांतला एखादा मोठा धीरोदात्त चेहरा करून बसे, जणू त्याला कशाचंच काही वाटत नाही. मी त्याच्या बोटांना चकत्या बांधून सहज म्हणायची, "तोंडी परीक्षा पुढच्या आठवड्यात ना?" की ठिपका पट्टी सोडून भिंतीवर! बाकीची पोरं हसून बेजार होत. चेहरा सांभाळायला माणूस शिकतो, तळहात सांभाळायला कुणी शिकत नाही, हे मी तिथल्या पहिल्या दोन वर्षांत शेकडो हात बघून ठरवून टाकलं होतं.

यंत्र नाजूक होतं, हे खरं. समोरच्या रस्त्यावरून ट्राम गेली की ठिपका थरथरायचा. मी ट्रामच्या वेळा पाठ केल्या होत्या आणि दोन ट्रामच्या मधल्या फटीत आकडे टिपत असे. मोर्चा आला तर काम बंदच ठेवावं लागे. लालबागकडून घोषणा ऐकू यायला लागल्या, की रुग्ण असो वा शिपाई, चकत्या कुणाच्याही बोटांना असोत, ठिपका वेडापिसा व्हायचा. डॉक्टर म्हणायचे, "बाई, आपल्याला राजकारणाशी कर्तव्य नाही." मी एकदा त्यांनाच बांधून बघितलं होतं. कर्तव्य चांगलंच होतं.

या मौजेपलीकडे यंत्राचा खरा उपयोग वेगळाच होता. बोटाला स्पर्श कळवणारी जी नस, तिच्याच सोबतीने घामाचा हुकूमही बोटापर्यंत जातो. नस तुटली की स्पर्श जातो आणि त्या भागाचा घामही आटतो. बोट बधिर झालंय असं माणूस खोटं सांगू शकतो, पण बोटाचा घाम त्याला ठरवून थांबवता येत नाही. म्हणून "हाताला काही कळत नाही" अशी तक्रार घेऊन कुणी आला, की डॉक्टर त्याला माझ्याकडे धाडत.

तसा एका सोमवारी तो आला. डिलाईल रोडवर राहणारा, मूळचा मालवणकडचा, चाळिशीतला साचेवाला. साचा म्हणजे माग. गिरणीत तो चार साच्यांवर उभा राहत असे. दोन महिन्यांपूर्वी साच्यातला धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा लाकडी ठोकळा, उडाला आणि त्याचं लोखंडी टोक याच्या उजव्या मनगटात घुसलं. टाके पडले, जखम भरली, वरून हात अगदी ठाकठीक दिसायला लागला. पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं मेली ती मेलीच. तुटलेला धागा चिमटीत धरून गाठ मारायची, हे साचेवाल्याचं दिवसभराचं काम, आणि याच्या चिमटीला धागा आहे की नाही तेच समजत नव्हतं. गिरणीच्या डॉक्टरने भरलेली जखम बघून हा कामचुकारपणा करतो असं ठरवलं होतं. आमच्या विभागाने हात चांगला आहे म्हटलं, तर त्याला गिरणीतून काढणार होते. नस गेली आहे म्हटलं, तर दुसऱ्या एखाद्या खात्यात सोय होणार होती. रिपोर्ट शुक्रवारपर्यंत गिरणीत पोचायला हवा होता.

माणूस कमी बोलणारा होता. स्वच्छ धुतलेला सदरा, हातात टोपी. मी सांगेन तसा बसला. मी नेहमीप्रमाणे दोन्ही हातांची बोटं स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, आधी डावा हात लावला. ठिपका पट्टीच्या मध्यावर. मग उजवा लावला. तोही जवळपास तिथेच. मी दोन ट्राम जाऊ दिल्या आणि पुन्हा बघितलं. फरक नाही. घाम येतोय म्हणजे नस शाबूत, इतकं ते सरळ होतं.

आणि मला, खरं सांगते, आनंद झाला. दिवसभर लोकांना वाईट बातम्या देणाऱ्या त्या इमारतीत मला एक चांगली बातमी मिळाली होती. मी हसून म्हटलं, "अहो, तुमचा हात चांगला आहे! नस शाबूत आहे."

त्याने उजव्या हाताची चिमूट दाबून बघितली. मग म्हणाला, "मगे माका कळणा कशाक नाय?"

"कळेल हळूहळू. काळजी करू नका, यंत्र खोटं बोलत नाही," मी म्हटलं. काकूंना मी काय सांगितलं होतं, ते मला त्या क्षणी आठवलं असतं तर बरं झालं असतं. त्याने टोपी घातली, वाकून नमस्कार केला आणि तो गेला. मी रिपोर्ट लिहिला: उजव्या हाताच्या बोटांची घामाची क्रिया डाव्याइतकीच, नस तुटल्याचं लक्षण नाही. मंगळवारी डॉक्टरांनी सही केली आणि कागद जावक कारकुनाच्या टेबलावर गेला.

बुधवारी हरताळ होता. ट्राम बंद, बस बंद, गिरण्या बंद. डॉक्टरांनी आदल्या दिवशी मला बजावलं होतं, "उद्या तुम्ही येऊ नका. बायकांनी रस्त्यावर फिरायचा दिवस नाही." त्यांनी असं म्हटलं नसतं तर मी कदाचित घरी बसले असते. सकाळी साडी खोचली, चपला घातल्या आणि फणसवाडीहून परळपर्यंत चालत गेले. वाटेत सगळी दुकानं बंद आणि कोपऱ्याकोपऱ्यावर घोळके. मला कुणी अडवलं नाही. एका घोळक्याने तर कामावर चाललेय म्हणून चार शब्द सुनावायला सुरुवात केली होती. रुग्णालयात जातेय म्हटल्यावर त्यातल्याच एकाने पुढच्या नाक्यापर्यंत सोबत केली.

डॉक्टर आवारातच राहत. मला बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मी यंत्र सुरू केलं. ट्राम नसल्यामुळे ठिपका असा काही स्तब्ध होता, की तसा मी कधीच पाहिला नव्हता. मनात म्हटलं, आज खरं काम करता येईल.

दहाच्या सुमाराला एक बाई दारात येऊन उभी राहिली. काष्ट्याचं लुगडं, हातावर भाजल्याचे जुने डाग. तिच्यामागे व्हरांड्यातल्या बाकावर सोमवारचा साचेवाला बसलेला दिसला. ही त्याची बायको. डिलाईल रोडच्या खोलीत ती खानावळ चालवायची, गावाकडच्या बारा-पंधरा गिरणीकामगारांना दोन वेळचं जेवायला घालायची. मला वाटलं, भांडायला आली आहे. मी कंबर कसली. भांडण मला जमतं.

पण तिने दार हळूच लोटून घेतलं आणि माझ्याजवळ येऊन आवाज खाली आणला. "बाय, माका एक खरा सांगा. हे ढोंग करतत काय?"

मी खुर्ची तिच्याकडे सरकवली. ती बसली नाही.

"तुमी म्हटलात हात चांगलो आसा," ती म्हणाली. "मशीनीन सांगितला म्हणजे खोटा कसा म्हणूचा? खानावळीतली माणसा तोंडार हसतत. हे काय एक बोलनत नाय. रागावनत नाय, रडनत नाय. खरोखरीचा दुखणा असता तर माणूस कायतरी बोललो असतो ना?"

मी त्या बाईला उत्तर देऊ शकत होते. यंत्रात जे दिसलं ते मी लिहिलं, एवढं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण तिचा प्रश्न मला बोचला. दोन महिने हा माणूस सांगत होता आणि घरचं माणूस ऐकत होतं. मी दहा मिनिटं ठिपका बघितला आणि घरात संशय शिरला. माझ्या शब्दाला एवढं वजन आहे याचा मला एरवी अभिमान वाटला असता. त्या दिवशी नाही वाटला.

"घरी हाताला काही लावता का?" मी विचारलं. असंच, काहीतरी विचारायचं म्हणून.

"लावतलंय काय? मिठाच्या ऊन पाण्यात बुडवन ठेवतंय. रोज सकाळी अर्धो तास. आमच्याकडे लचक, सूज, कायव असांदे, ह्याच करतत."

"सोमवारी इथे यायच्या आधीसुद्धा?"

"त्या दिवशी तर दोन मुठी जास्त घातलंय. डाक्टराकडे जावचा होता ना!"

"आणि मग हात साध्या पाण्याने धुतला?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, की मी अगदीच बावळट आहे. "धुवचो कित्याक? मीठ आत मुराक नको?"

मी कपाळावर हात मारून घेतला. नुसता म्हणायला नव्हे, खरोखर मारला. दोन महिने रोज खारवलेला हात. त्याच्या कातडीच्या प्रत्येक चिरेत मीठ बसलेलं आणि मुंबईच्या दमट हवेत ते मीठ ओल धरून राहिलेलं. माझ्या चकत्यांना त्यातून वीज वाहताना दिसली ती घामाची नव्हतीच, डिलाईल रोडच्या पातेल्यातली होती. आणि मी ती बोटं पुसली होती कशाने, तर स्पिरिटने. मीठ स्पिरिटात विरघळत नाही, हे मला कॉलेजात शिकवलेलं होतं, मी ते परीक्षेत लिहिलं होतं, त्याला पूर्ण गुण मिळाले होते.

मी तिला म्हटलं, "तुमचा नवरा ढोंग करतोय की नाही ते मला माहीत नाही. पण माझा रिपोर्ट चुकीचा आहे, हे नक्की. आज मी परत बघणार आहे आणि तुम्ही इथे उभं राहून स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंत."

आधी मी जावक कारकुनाच्या खोलीत गेले. तो आला नव्हता. टपालही निघालं नव्हतं. रिपोर्ट टेबलावरच्या ट्रेमध्ये जसाच्या तसा पडून होता. मी तो उचलला आणि थेट डॉक्टरांसमोर ठेवला. "हा चुकलाय," मी सांगितलं. "हाताला मीठ होतं. मी पाण्याने धुवायला हवा होता, धुतला नाही."

"बाई, याच्यावर माझी सही आहे," डॉक्टर म्हणाले.

"सही तुमची आहे, चूक माझी आहे. हवं तर तसं लिहून देते. पण हा कागद असा जाणार नाही."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. डॉक्टर आढ्यतेखोर होते, पण अप्रामाणिक नव्हते. "लावा यंत्र," ते म्हणाले.

मी साचेवाल्याचे दोन्ही हात साध्या पाण्याने तीन वेळा धुतले. बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, पेरांवरच्या चिरा, सगळं. तो लहान मुलासारखा हात पुढे करून उभा होता. मग तासभर त्याला पंख्याखाली बसवलं, दोन्ही हात सुकू दिले. बायको समोर भिंतीला टेकून बसली. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलली नाहीत. मला ते तेव्हाच खटकलं होतं.

डावा हात लावला. ठिपका मध्याच्या थोडा अलीकडे. उजवा लावला. ठिपका शून्यापाशी जाऊन बसला आणि हलेना.

"बघा!" मी म्हटलं.

डॉक्टर बघत होते, पण एवढ्याने मानणारे नव्हते. "कष्टाचा हात आहे बाई. उजव्याची कातडी जाड, घट्टे पडलेले. कोरडा असणारच. गिरणीवाले हेच म्हणतील. हुकूम पोचतो की नाही ते दाखवा. दचकवा त्याला."

त्यांनी स्वतःच त्याच्या कानामागे जोरात टाळी वाजवली. त्याने साधी मानसुद्धा वळवली नाही. वीस वर्षं साचेखात्याच्या खडखडाटात उभ्या राहिलेल्या माणसाला टाळीने काय होणार? डावा हात लावूनही बघितलं, तिथेही ठिपका जेमतेम हलला. मग मी हिशेब घातले. शंभरातून सात-सात वजा करत जा म्हटलं. त्याने शांतपणे करून दाखवले. डॉक्टर म्हणाले, "हा माणूस दगड आहे."

दगड कुणी नसतं, हे मी दोन वर्षं बघत आले होते. काय केलं की हा हलेल, ते मला ठाऊक होतं. बोलायची इच्छा नव्हती. पण त्याला ढोंगी ठरवणारा कागद मीच लिहिला होता, तेव्हा हेही मीच बोलायला हवं होतं. मी चकत्या परत उजव्या हाताला बांधल्या. बायकोला पट्टीसमोर उभं केलं. मग त्याच्या समोर खुर्ची ओढून बसले आणि आवाज कडक करून म्हटलं:

"तुमचा हात धडधाकट आहे. साच्यावर उभं राहायला नको म्हणून सोंग घेतलंय तुम्ही. बायकोच्या खानावळीवर फुकट जगताय."

 त्याने माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. ठिपकाही हलला नाही. शून्यापाशी होता तिथेच. बायकोने पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

मी लगेच म्हटलं, "हे मी मुद्दाम म्हणाले. यातलं एक अक्षर खरं नाही. आता चकत्या डाव्या हाताला बांधते आणि पुन्हा हेच सगळं म्हणणार आहे. तुम्हाला माहीतच आहे की ते खोटं आहे. तेव्हा मनाला लावून घेऊ नका."

"बरा," तो म्हणाला.

डाव्या हाताला चकत्या बांधल्या. ठिपका स्थिर होईपर्यंत पाच मिनिटं थांबलो. मग मी पुन्हा सुरुवात केली. "तुमचा हात धडधाकट आहे," इथवर ठिपका थोडा सरकला. "सोंग घेतलंय तुम्ही," म्हणेपर्यंत तो पट्टीच्या पाऊण भागावर गेला. "बायकोच्या खानावळीवर," एवढंच बोलले आणि ठिपका पट्टीवरून उतरून भिंतीवर गेला, भिंतीवरून कपाटाच्या कोपऱ्यात गेला. आणि तो माणूस तसाच बसलेला, मान खाली, चेहरा कोरा, श्वाससुद्धा संथ.

मी किती हात पाहिले होते! पण जे खोटं आहे असं आधीच सांगून ठेवलंय, ते दुसऱ्यांदा ऐकून एवढं लागलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. 

डॉक्टरांनी सावकाश मान हलवली. उजव्या हाताला हुकूम पोचत नाही, यात आता शंका उरली नव्हती. त्यांनी टेबलावरच्या रिपोर्टवर आडवी रेघ मारली आणि कोरा कागद पुढे ओढला. नवा रिपोर्ट त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला आणि दुसऱ्या दिवशी शिपायाने तो गिरणीत नेऊन दिला. साचेवाल्याला पुढे घडी खात्यात घेतलं, जिथे तयार कापड तपासून घड्या घालतात. ते काम डाव्या हाताच्या भरवशावर जमण्यासारखं होतं. हे सगळं नंतर झालं.

त्या क्षणी डॉक्टर लिहीत होते आणि मी पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडणार, इतक्यात बायको म्हणाली, "पुरे! बाय, आता परत बोला नको."

तिचा आवाज इतका चढला होता, की डॉक्टरांचं पेन थांबलं. ती अजून कपाटाच्या कोपऱ्यातल्या त्या ठिपक्याकडेच बघत होती.

"ह्याच मी काल हेंका बोललंय," ती म्हणाली. "जेवणा वाढताना. सगळ्या माणसांदेखत. खानावळीर जगतास म्हणान. हे कायच बोलले नाय. भात खाल्ल्यानी, हात धुतल्यानी आणि उठले. माका वाटला, हेंका काय लागणाच नाय."

 ती पुढे आली आणि नवऱ्याच्या शेजारी जमिनीवर बसली. डाव्या हाताला माझ्या तारा होत्या, त्याला हात लावायला ती भ्यायली असावी. तिने त्याचा उजवा हात उचलला, ती मेलेली तीन बोटं आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरली आणि त्यांच्यावर कपाळ टेकलं. त्या बोटांना त्यातलं काहीही कळत नव्हतं, हे आम्ही आत्ताच सिद्ध केलं होतं.

ठिपका परतून पट्टीवर येऊ लागला होता. तो वाटेत थांबला आणि पुन्हा उजवीकडे पळाला, मघापेक्षा लांब, थेट खिडकीच्या चौकटीपर्यंत. माझ्या हातात पेन्सिल होती आणि समोर वही उघडी होती. मी तो आकडा लिहिला नाही.